सगळ्या व्यायल्या, आता या

वाचक विचारतात : शालेय मानसशास्त्र

दोन महिन्यांपूर्वी या सदरात मी ओघात लिहून गेले, की माझं शिक्षण अमेरिकेच्या सरकारी पैशातून झालं आणि त्या बदल्यात मला काही वर्षं काम करून द्यावं लागलं. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी वर्षभराच्या मजकुरावर आली नव्हती. 'फुकट' हा शब्द मी वापरला नव्हता, पण निम्म्या पत्रांत तो होता. म्हणून या वेळी सगळी पत्रं याच विषयावरची घेतली आहेत.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात : मी मूळची तासगाव तालुक्यातली. सध्या नेब्रास्का राज्याच्या उत्तरेला, सँडहिल्स नावाच्या गवताळ टेकड्यांच्या मुलखात चार छोट्या शाळांची मी एकटी स्कूल सायकॉलॉजिस्ट आहे. इथली एक चेरी काउंटीच क्षेत्रफळानं जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढी आहे आणि २०२०च्या जनगणनेत तिथे माणसं निघाली साडेपाच हजारांच्या आत. गाई किती ते विचारू नका.

प्रश्न : माझं एम.ए. मानसशास्त्र झालं आहे. इथला एक एजंट म्हणतो की खेड्यातल्या शाळेत काम करायची तयारी दाखवली तर अमेरिकेत पूर्ण फी माफ होते आणि वर दरमहा पैसेही मिळतात. त्याची फी दीड लाख आहे. भरू का? (लातूर)

भरू नकोस. पुढचं उत्तर वाचायचा कंटाळा आला तरी एवढं लक्षात ठेव.

एजंट सांगतो ती योजना खोटी नाही, ती तुझ्यासाठी नाही एवढंच. इथलं केंद्रीय शिक्षण खातं विद्यापीठांना अनुदान देतं आणि विद्यापीठं त्यातून निवडक विद्यार्थ्यांची फी भरतात, थोडा भत्ता देतात. यातलं सगळ्यात जुनं आणि नेमानं चालत आलेलं अनुदान अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्याखाली येतं. पण ते घ्यायला तू अमेरिकेची नागरिक तरी हवीस किंवा तुझ्याकडे ग्रीन कार्ड तरी हवं. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलीला ते मिळत नाही, मार्क कितीही असोत. एजंटला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

तुला मिळू शकते ती असिस्टंटशिप. प्राध्यापकाच्या हाताखाली आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करायचं, त्या बदल्यात फी माफ किंवा कमी होते. त्यासाठी मधला माणूस लागत नाही. विभागप्रमुखांना चार ओळींचं साधं पत्र लिही. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी पुन्हा लिही.

शिक्षण न घेता थेट नोकरीवरच कुणी बोलावेल, असा विचार असेल तर तोही सोड. मुळात राज्याचा परवाना लागतो आणि तो इथल्यासारखं प्रशिक्षण झाल्याशिवाय मिळत नाही. शिवाय परदेशातून नव्यानं आणायच्या एच-वन-बी (नोकरीसाठीचा व्हिसा) माणसामागे सप्टेंबर २०२५पासून सरकारनं एक लाख डॉलर शुल्क लावलं आहे. माझ्या एका शाळेत बसचा हीटर बदलायचा की वाचनालयाचं छप्पर, यावर दोन बैठका झाल्या. ती शाळा तुझ्यासाठी एक लाख डॉलर कुठून आणणार?

एक आगाऊ प्रश्न विचारते, मावशी समज. तुला खेड्यातल्या मुलांसाठी काम करायचंय, की अमेरिकेत यायचंय? दुसरं असलं तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही. मीही लग्न होऊनच आले, मुलांच्या कळवळ्यानं नाही. पण पहिलं असेल तर खाली सावंतवाडीच्या सरांना दिलेलं उत्तर वाच.

प्रश्न : पंधरा वर्षं घरीच आहे. नागपूर विद्यापीठाची बी.ए. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. वय ४१. हे शिक्षण आता जमेल का? आणि तो बाँड म्हणजे नेमकं काय लिहून घेतात? (एडिसन, न्यू जर्सी)

वयाचं सोडा. माझ्या वर्गातली सगळ्यात मोठी बाई ५३ वर्षांची होती. आधी ती शाळेच्या कँटीनमध्ये जेवण वाढायची. कुठलं मूल ताटातलं खात नाही आणि कुठलं खिशात भरून घरी नेतं हे तिला आमच्या प्राध्यापकांपेक्षा जास्त कळायचं. मी स्वतः ३५व्या वर्षी सुरुवात केली.

आधी नागपूरच्या गुणपत्रिकांचं इथल्या हिशोबानं मूल्यमापन करून घ्या. त्याला वेळ लागतो. विद्यापीठाकडून सीलबंद पाकीट मागवायचं म्हणजे काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. माझ्यासाठी माझा भाऊ तीन वेळा कोल्हापूरला विद्यापीठात जाऊन आला. पदवी 'स्पेशालिस्ट' दर्जाची असते. कमीत कमी ६० क्रेडिट, त्यानंतर १,२०० तासांची इंटर्नशिप आणि त्यातले निदान ६०० तास शाळेत. एकूण तीन वर्षं धरा. काही विद्यापीठं बराचसा भाग ऑनलाइन शिकवतात, पण मुलांच्या चाचण्या घ्यायला प्रत्यक्ष मूल समोर लागतं, तिथे सुटका नाही.

आता बाँड. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या मुलांना एक वर्ष सेवा द्यावी लागते, ती टाळायची तर दहा लाख भरायचे असं बरीच वर्षं होतं. हे त्याच जातीचं, फक्त हिशोब कडक आहे. अपंग मुलांच्या कायद्याखालच्या अनुदानात एका वर्षाच्या मदतीमागे दोन वर्षांची नोकरी. मला दोन वर्षं मदत मिळाली, म्हणून माझी चार वर्षं लागली. केली नाही तर पैसे व्याजासकट परत. माझ्या कागदावर आकडा होता ३१ हजार डॉलर. सही करताना माझा हात थांबला होता, कारण त्या वेळी नवऱ्याच्या नोकरीचं काही खरं नव्हतं. दरवर्षी शाळेकडून कामाचा दाखला भरून घ्यावा लागायचा. तो कागद मी पासपोर्टच्या शेजारी ठेवत असे.

पण या कागदातली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. त्यातली अट खेड्याची नाही. निम्म्याहून जास्त वेळ अपंग मुलांच्या विशेष शिक्षणासाठी द्यायचा, ही अट. तो वेळ ओमाहा शहरातल्या चकचकीत शाळेत दिला तरी सरकारच्या लेखी फिटतो. खेडं हे त्या-त्या विद्यापीठाच्या प्रकल्पात असतं. प्रवेशाच्या मुलाखतीत 'खेड्यात जाणार ना?' असं विचारतात आणि सगळ्या जणी 'हो' म्हणतात. आम्ही आठ जणी होतो. आज खेड्यात तिघी आहोत. त्यातल्या दोघी अशाच गावांत जन्मलेल्या, तिसरी मी. उरलेल्या पाच वाईट नाहीत. त्यांना पहिल्या वर्षी राहायला घर मिळालं नाही, विचारायला वरिष्ठ मिळाला नाही, नवऱ्याला काम मिळालं नाही. अनुदानात या तिन्हींसाठी खातंच नसतं.

म्हणून तुम्हाला सांगते, सही करण्याआधी फीचा आकडा बघू नका. पहिली दोन वर्षं तुमच्या कामावर देखरेख कोण करणार, त्या माणसाचं नाव विचारा. 'आम्ही बघू' असं उत्तर आलं तर दुसरं विद्यापीठ बघा.

प्रश्न : मी जि.प. शाळेत शिक्षक आहे. तुमचं काम म्हणजे मुलांशी गप्पा मारून त्यांना समजावणं, असंच ना? त्यासाठी तीन वर्षांचं शिक्षण कशाला? रागावू नका. (राहुरी)

गुरुजी, रागावत नाही. माझ्या सासूबाईंचंही अगदी हेच म्हणणं आहे.

समजावणं हे समुपदेशकाचं काम. तेही सोपं नाही, पण ते माझं मुख्य काम नव्हे. वर्गात एखादं मूल मागे पडतंय, वाचताना अडखळतंय, कुणाच्या अंगावर धावून जातंय किंवा नुसतंच गप्प बसतंय, तर ते का, हे शोधायचं. चाचण्या घ्यायच्या, वर्गात मागच्या बाकावर बसून बघायचं, घरच्यांशी बोलायचं, अहवाल लिहायचा आणि मग शिक्षक, पालक, मुख्याध्यापक अशा सगळ्यांनी एका टेबलाशी बसून त्या मुलासाठी वेगळा आराखडा करायचा. १९७५च्या कायद्यानं हे इथे प्रत्येक अपंग मुलाच्या हक्काचं झालं. पालकांची सही झाल्यापासून साधारण ६० दिवसांत तपासणी पुरी व्हावी लागते. काही राज्यांचा हिशोब वेगळा आहे. आमच्या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना म्हणते, ५०० मुलांमागे एक माणूस हवा. देशाची सरासरी कित्येक वर्षं त्याच्या दुपटीच्या वर आहे. माझी चार शाळांची मिळून मुलं पाचशेच्या आतच भरतात, म्हणजे कागदावर मी आदर्श. फक्त पहिल्या शाळेपासून चौथ्या शाळेपर्यंत १७० किलोमीटर आहेत, आणि रस्ता कुठल्या कागदात मोजत नाहीत.

आणि तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. या व्यवसायाची सुरुवात एका शिक्षिकेनं केली. १८९६ साली फिलाडेल्फियात लाइटनर विटमर नावाच्या प्राध्यापकाकडे ती आपल्या वर्गातला चौदा वर्षांचा मुलगा घेऊन गेली. त्याला शुद्धलेखन काही केल्या येत नव्हतं. विटमरना आढळलं, की मुळात त्याला नीट दिसतच नाही. आधी चष्मा लावला, मग शिकवणी. आम्हाला पहिल्या महिन्यात हेच घोकून घेतलं होतं : बुद्धीकडे वळण्याआधी डोळे बघा, कान बघा, झोप विचारा.

घोकलेलं ऐन वेळी आठवतंच असं नाही. माझा इथला पहिला हिवाळा. तिसरीतला एक मुलगा, त्याची ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदलते. शिक्षिकेची तक्रार : लक्ष देत नाही, टेबलावर डोकं ठेवतो. माझी चाचणीची खोली म्हणजे जिमच्या रंगमंचाच्या पडद्यामागची अडगळ. एका बाजूला नाताळच्या नाटकातला पुठ्ठ्याचा उंट, दुसऱ्या बाजूला बास्केटबॉलची जाळी. तिथे खुर्चीवर बसवून मी त्याला ठोकळे दिले. चाचणीत नेमकं काय विचारतात ते सांगायची आम्हाला बंदी आहे, पण घड्याळ लावलेलं असतं. पहिले दोन नमुने त्यानं झरझर लावले. तिसऱ्याला एक ठोकळा हातात धरला, आणि तो तसाच राहिला. मला वाटलं विचार करतोय. घड्याळ चालू होतं. मी बघितलं तर त्याच्या पापण्या मिटल्या होत्या आणि ठोकळा अजून बोटांतच होता.

मी काय केलं? नियमाप्रमाणे शून्य लिहिलं, पुढचा नमुना मांडला आणि त्याला हलकेच उठवलं. सगळी चाचणी तशीच ओढत पूर्ण केली. अहवालात लिहिलं : 'लक्ष टिकवण्याची क्षमता वयाच्या मानानं बरीच कमी.' चांगली भाषा होती. मला अभिमान वाटला होता.

बैठकीला त्याचा बाप आला. टोपी काढून मांडीवर ठेवली, अहवाल शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाला, "तो दोनला उठतो ना."

फेब्रुवारी-मार्च म्हणजे इथे गाई व्यायचा हंगाम. पहिलारू कालवडींकडे रात्री दर दोन-तीन तासांनी कुणीतरी बघून यावं लागतं, नाहीतर वासरू अडतं किंवा उणे वीसमध्ये जन्मल्या जन्मल्या गारठून मरतं. बारा आणि चारची पाळी बापाची, दोनची या पोराची. आई दुसऱ्या गावातल्या दवाखान्यात रात्रपाळीला. पोरगा बॅटरी घेऊन एकटा गोठ्यात जायचा आणि काही वेगळं दिसलं तर बापाला उठवायचा.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. कारण हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझ्या आजोबांची म्हैस व्यायला झाली की आमच्या घरात कुणी झोपत नसे. वार पडेपर्यंत आजी कंदील विझवू द्यायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत पेंगले तर गुरुजी काही बोलायचे नाहीत. त्यांची म्हैसही कधीतरी व्यालेली असायची. तासगावात जे मला कळलं असतं ते पदवी घेऊन आल्यावर नेब्रास्कात कळलं नाही. मी तो अहवाल मागे घेतला, मे महिन्यात पुन्हा चाचणी केली. त्याला वाचनाची खरी अडचण होती, पण ती वेगळीच आणि बरीच लहान.

तेव्हा गुरुजी, तीन वर्षं चाचण्या शिकण्यासाठी लागतात. मूल दोनला का उठतं हे कळायला त्या गावात राहावं लागतं. तुम्ही राहताच आहात.

प्रश्न : मुलगी शालेय मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खेड्यातल्या शाळांसाठीच्या अनुदानावर तिला प्रवेश मिळाला होता. २०२५मध्ये विद्यापीठाचं पत्र आलं की अनुदान बंद होत आहे. आता काय करायचं? सरकार असं मध्येच हात काढून घेऊ शकतं? (ह्यूस्टन)

तुमच्या पत्रातला संताप पोचला. मलाही आला होता.

मे २०२२मध्ये टेक्सासातल्या उवाल्डीच्या प्राथमिक शाळेत गोळीबार झाला, १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. ते तुमच्या राज्यातलंच. त्यानंतर महिन्याभरात दोन्ही पक्षांनी मिळून एक कायदा केला आणि त्यात शाळांमधल्या मानसिक आरोग्यासाठी पाच वर्षांत मिळून एक अब्ज डॉलर ठेवले. निम्मे शाळांना माणसं नेमायला, निम्मे नवी माणसं शिकवून तयार करायला. तुमच्या मुलीचं अनुदान बहुधा या दुसऱ्या निम्म्यातलं असावं. २९ एप्रिल २०२५ला शिक्षण खात्यानं अनुदानधारकांना कळवलं की पुढचे पैसे मिळणार नाहीत, कारण काय तर नव्या सरकारच्या प्राधान्यांशी हे जुळत नाही. सोळा राज्यं कोर्टात गेली. 'घेऊ शकतं का' याचा कीस तिथे वकील पाडतात. तुमच्या मुलीला फी भरायची तारीख आहे, तिच्याबद्दल बोलू.

सगळ्यात आधी तिनं सही केलेला कागद काढा आणि सेवेच्या अटीचं कलम वाचा. आतापर्यंत मिळालेल्या पैशाची सेवा अजून बांधील आहे का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या, फोनवर नको. मग विभागाला विचारा की असिस्टंटशिपची जागा आहे का. अनुदान गेल्यावर विभागांची तारांबळ उडते, पण दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी गमावणं त्यांनाही परवडत नाही. तिसरं म्हणजे तिसऱ्या वर्षाची इंटर्नशिप. ती पगारी मिळते, आणि खेड्यातल्या शाळा तर इंटर्नची वाट बघत असतात. काही शाळा 'पुढे आमच्याकडे दोन वर्षं राहा, फीचा वाटा आम्ही उचलतो' असंही बोलतात. हे जाहिरातीत नसतं. सरळ सुपरिंटेंडंटला, म्हणजे तिथल्या शाळांच्या प्रमुखाला, फोन करायचा. खेड्यात तो स्वतःच फोन उचलतो, कधीकधी बसही तोच चालवतो. आणि कर्ज काढावंच लागलं तर केंद्र सरकारचं काढा. सरकारी शाळेत नोकरी करून दहा वर्षं, म्हणजे १२० हप्ते नियमानं भरले की उरलेलं माफ होण्याची सोय आहे. खासगी बँकेच्या कर्जाला ती नाही.

माझं मत विचाराल तर पैसे थांबल्याचं दुःख आहेच, पण मला जास्त लागली ती वेळ. दुसऱ्या वर्षाच्या मुली म्हणजे पहिल्यांदा शाळेत जाऊन मुलांसमोर बसायला लागलेल्या मुली. एखादं मूल महिनाभरानं त्यांच्याशी बोलायला लागतं, आणि तेव्हाच त्या यायच्या बंद होतात. त्या मुलाला अनुदान म्हणजे काय ते ठाऊक नसतं. 'ही पण गेली' एवढंच त्याला कळतं.

प्रश्न : सावंतवाडी तालुक्यातल्या माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. तुमचं वाचून हेवा वाटतो. आमच्याकडे समुपदेशक म्हणजे वर्षातून एकदा येणारं व्याख्यान. आम्ही काय करावं? (सिंधुदुर्ग)

सर, हेवा वाटायचं कारण नाही. आमच्याकडे कायदा आहे आणि माणसं नाहीत, तुमच्याकडे माणसं आहेत.

तुमच्या शाळेतला एक शिक्षक निवडा. हुशार नको, ज्याच्याकडे मुलं मधल्या सुट्टीत आपणहून जातात तो. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्यातला काही भाग घरी राहून दूरशिक्षणानं, काही प्रत्यक्ष केंद्रावर आणि शेवटी आपल्याच भागात इंटर्नशिप. महाराष्ट्र-गोव्यासाठी भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था आहे. नोकरीतल्या शिक्षकांना तिथे प्रतिनियुक्तीवर पाठवता येतं. याला शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणता येणार नाही. बुद्ध्यंक काढणं, एलडीचं (अध्ययन अक्षमतेचं) सर्टिफिकेट देणं त्याच्या हातात नाही. पण कुणाला पुढे पाठवायचं आणि कुणाला नुसता चष्मा लागणार आहे, हे ओळखणारा माणूस गावात झाला तरी खूप.

तुमच्या शेजारी बांद्याच्या पलीकडे, गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक दिले जातात. एकेकाकडे अनेक शाळा असतात, म्हणजे माझ्यासारखेच ते फिरते. दोन तासांच्या अंतरावर आहेत, एकदा जाऊन त्यांचा दिवस कसा जातो ते बघून या. आणि संस्थाचालक 'कशाला हा खर्च' म्हणाले तर सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५चा निकाल त्यांच्यासमोर ठेवा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी निदान एक पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमावा, असं त्यात आहे. तोवर मोठ्या मुलांच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात १४४१६ हा आकडा लिहून ठेवा, पुसू देऊ नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेचा हा सरकारी क्रमांक आहे. तिथे फुकट बोलता येतं आणि मराठीतही बोलता येतं.

आणि शिक्षक पाठवाल तेव्हा एक करा : परत आल्यावर त्याचे तास कमी करा. प्रशिक्षण देऊन आणायचं आणि वर पुन्हा जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी त्याच्याच माथी मारायच्या, हे केलंत तर वर्षभरात तो बदली मागेल.

प्रश्न : तुमचा बाँड कधीच संपला असेल. मग अजून तिथेच का? कंटाळा येत नाही? कढीपत्ता तरी मिळतो का? (ठाणे)

कढीपत्ता स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंडीत आहे. तीन हिवाळे जगला, चौथ्यात गेला, आता दुसरा लावलाय.

बाँड संपला त्या महिन्यात मी खरोखर सामान बांधायला घेतलं होतं. ओमाहात नोकरी मिळत होती. मराठी माणसं, गणपती, इडलीचं पीठ, सगळं तिथे. इथे सगळ्यात जवळचं भारतीय दुकान साडेतीन तासांवर. हिवाळ्यात गाडीत फावडं, दोन ब्लँकेटं, मेणबत्त्या आणि वाळूची गोणी घेऊन फिरावं लागतं. चेरी काउंटीच्या पोटातून वेळेची रेघ जाते, रेघेच्या पूर्वेला घड्याळ तासभर पुढे. पहिल्या वर्षी पश्चिमेच्या शाळेतून पूर्वेच्या शाळेत बैठकीला गेले तेव्हा घड्याळ पुढे करायचं राहून गेलं आणि मी तासभर उशिरा पोचले. आई-बाप पिकअपमध्ये हीटर लावून बसून होते. कुणी चकार शब्द काढला नाही. त्याचीच जास्त लाज वाटली.

पण माझ्यावर देखरेख करणारी बाई पहिली दोन वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी फोन करायची. पाऊण तास, काम नसलं तरी. उंट आणि ठोकळ्यांची गोष्ट मी पहिल्यांदा तिलाच सांगितली. ती एवढंच म्हणाली, "मी एका मुलाची चाचणी कान ठणकत असताना घेतली होती. पुढचं सांग." शाळेनं राहायला घर दिलं होतं, भाडं नावाला. नवऱ्याचं काम घरून सुरू झालं. ही तिन्ही गाठोडी माझ्या वाट्याला आली, वर्गातल्या पाच जणींच्या आली नाहीत. माझ्या राहण्यात माझा मोठेपणा काही नाही.

इथून पश्चिमेला कोडी नावाचं दीडशेच्या आसपास वस्तीचं गाव आहे. तिथे किराणा दुकान नव्हतं, तर शाळेच्या मुलांनी ते चालवायला घेतलं, अजून चालवतात. दुकानाच्या भिंती गवताच्या पेंढ्यांच्या आहेत. मी तिथे कधीतरी दूध घ्यायला थांबते आणि गल्ल्यावरचं पोर मला ओळखतं. त्याला वाटतं मी वाचनाची बाई आहे.

तर कंटाळा येतो, फेब्रुवारीत हमखास येतो. त्या महिन्यात मी आता रँचवरच्या मुलांच्या चाचण्याच ठेवत नाही. अहवाल लिहिते, पापड तळते, आईशी फोनवर भांडते. तिसरीतल्या त्या मुलाचा धाकटा भाऊही पुढे माझ्याकडे आला, तो वेगळ्याच कारणानं. त्याची तपासणी ठरवायची होती. घरच्यांना मी म्हटलं होतं, घाई नाही, मुदतीत बसवते, तुम्ही कळवा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या बापाचा मेसेज आला. तीनच शब्द, मराठीत करायचे तर : सगळ्या व्यायल्या. या.

शुक्रवारी येते, असं कळवलं.